निर्बंध, मर्यादा आणि संयम : सोलापूरच्या संदर्भात एक विचार

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत काही विशेषणे अशी आहेत, की ती एकदा वापरली म्हणजे त्यांचे समर्थन करण्याची गरज समीक्षकाला सहसा भासत नाही. ‘संयत’ हे त्यांपैकी एक होय. एखाद्या कथेचे निवेदन संयत आहे किंवा एखाद्या आत्मकथनाचा सूर संयत आहे, असे म्हटले की मूल्यनिर्णय पूर्ण झाल्यासारखे वाटते. उलट बाजूने ‘भडक’, ‘आक्रस्ताळे’, ‘प्रचारकी’ ही विशेषणे लावली की कृतीचा निकाल लागतो. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील लेखकांची आत्मकथने एकामागून एक आली, आणि त्यांच्या समीक्षेत ही दोन्ही प्रकारची विशेषणे मुबलक वापरली गेली. या लेखनाची बाजू घेणाऱ्यांनीही पुष्कळदा त्याचा संयमच वाखाणला. ज्या कसोटीला हे लेखन आव्हान देत होते, तीच कसोटी त्याचा गौरव करण्यासाठी वापरली जात आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

संयम ही मूलतः वाङ्मयीन संकल्पना नाही. ती नीतिविचारातून साहित्यविचारात आलेली आहे, आणि तिचा एक नातलग कायद्याच्या प्रांतात राहतो. त्याचे नाव निर्बंध. या दोहोंमधील फरक वरवर पाहता स्पष्ट आहे. निर्बंध बाहेरून येतो, संयम आतून येतो. परंतु व्यवहारात हा फरक पुसला जातो, आणि तो पुसला जाण्यात कोणाचे तरी हित असते. अडवून ठेवलेल्या माणसाचे थांबणे हाच त्याचा गुण ठरवला, की अडवणाऱ्याला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. म्हणून संयमाचा विचार करताना एक पूर्वअट मान्य करणे आवश्यक ठरते : ज्याच्यापुढे वाट मोकळी आहे, त्याच्याच थांबण्याला संयम म्हणता येईल. ही पूर्वअट दंडविधानाच्या एका कलमात अप्रत्यक्षपणे मान्य झालेली आहे, दुसऱ्या एका कायद्याने ती धाब्यावर बसवली आहे, आणि साहित्यसमीक्षेने ती बहुधा विचारातच घेतलेली नाही. सोलापूर शहराच्या विसाव्या शतकातील इतिहासात या तिन्ही गोष्टी एकत्र पाहता येतात.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. माणसाला आवरणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. बंधन, बंदी, अटकाव, मनाई, आळा, आवर, धाक, मर्यादा, संयम हे शब्द परस्परांचे पर्याय म्हणून वापरले जात असले, तरी प्रत्येकात दोरी कोणाच्या हातात आहे याची सूचना असते. ‘वेसण’ आणि ‘दावे’ हे शब्द गोठ्यातून आले आहेत. त्यांत बांधणारा आणि बांधला जाणारा हे दोघेही स्पष्ट दिसतात. ‘आवर घालणे’ स्वतःलाही शक्य असते आणि दुसऱ्यालाही. ‘अटकाव’ मात्र दुसऱ्याकडूनच होतो.

‘निर्बंध’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. ‘निर्भय’, ‘निर्दोष’ यांसारख्या शब्दांत ‘निर्’ हा उपसर्ग अभाव दाखवतो. त्या न्यायाने ‘निर्बंध’ म्हणजे बंधनरहित असा अर्थ व्हायला हवा होता, पण येथे उपसर्ग बंधनाची तीव्रता वाढवतो. संस्कृतात हा शब्द आग्रह किंवा हट्ट या अर्थाने येतो. म्हणजे निर्बंधाच्या मुळाशी दुसऱ्या कोणाचा तरी हट्ट आहे. भाषाशुद्धीच्या चळवळीत सावरकरांनी ‘कायदा’ या शब्दासाठी ‘निर्बंध’ हा पर्याय सुचवला होता. तो रूढ झाला नाही, परंतु कायद्याचे सार बंधनात आहे अशी धारणा त्या निवडीमागे दिसते. भारतीय संविधानाच्या मराठी अनुवादात ‘वाजवी निर्बंध’ हा शब्दप्रयोग आहे. तेथे ‘वाजवी’ हे विशेषण त्या हट्टाला कारण देण्यास भाग पाडते, म्हणून ते महत्त्वाचे आहे.

‘मर्यादा’ हा शब्द मुळात सीमेचा, किनाऱ्याचा आहे. पुढे तो वर्तनाच्या सीमेसाठी वापरला जाऊ लागला. मर्यादा कोणी एक व्यक्ती घालत नाही. ती असतेच, असे मानले जाते. त्यामुळे निर्बंधाला विरोध करता येतो, मर्यादेला मात्र ती ‘ओलांडूनच’ विरोध होतो, आणि ओलांडणाऱ्याला नावे ठेवली जातात. राहिला संयम. ‘यम्’ या धातूत आवरण्याचा अर्थ आहे, आणि योगशास्त्रात धारणा, ध्यान आणि समाधी या तिहींच्या एकत्र साधनेला संयम म्हटले आहे. तेथे संयम हे एक सामर्थ्य आहे. इच्छा नसलेल्याला किंवा संधी नसलेल्याला तो साधला, असे कोणी म्हणत नाही. हा मूळ अर्थ ध्यानात ठेवला, तर आजच्या वापरात या शब्दाची किती झीज झाली आहे हे कळते.

३

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३३९ आणि ३४० ही कलमे या संदर्भात वाचण्यासारखी आहेत. ज्या दिशेने जाण्याचा एखाद्या व्यक्तीला अधिकार आहे, त्या दिशेने जाण्यास तिला स्वेच्छेने अडथळा करणे हा पहिल्या कलमाखालील गुन्हा. तिला ठरावीक परिघाबाहेर जाताच येऊ नये अशा रीतीने अडवणे हा दुसऱ्या कलमाखालील, अधिक गंभीर गुन्हा. पहिल्यासाठी एक महिन्यापर्यंत आणि दुसऱ्यासाठी एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद होती. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे गुन्हे १२६ आणि १२७ या कलमांत जवळजवळ त्याच व्याख्येसह कायम आहेत. या कलमांमागचे गृहीत साधे आणि उदात्त आहे. माणसाला चालण्याचा अधिकार आहे. म्हणून ज्याने त्याला अडवले, त्याने कारण दिले पाहिजे.

ही संहिता संमत झाल्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८७१ मध्ये, त्याच राज्यसत्तेने गुन्हेगार जमाती कायदा केला. व्यवसाय जातीतून चालत येतो, तसा गुन्हाही चालत येतो, या समजुतीवर तो उभा होता. आरंभी तो उत्तरेकडील प्रदेशांना लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. अधिसूचित जमातीच्या माणसांची नोंदवही ठेवणे, ठरावीक वेळी हजेरी घेणे, राहण्याचे ठिकाण बदलताना कळवण्यास भाग पाडणे, संचार ठरावीक क्षेत्रापुरता सीमित करणे, वसाहतींमध्ये ठेवणे, मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून शाळांमध्ये पाठवणे, हे अधिकार या कायद्याने शासनाला दिले. अधिसूचनेची वैधता न्यायालयात तपासता येणार नाही, अशीही व्यवस्था त्यात होती. म्हणजे एखाद्या सावकाराने एखाद्या माणसाला एका वाड्यात कोंडले तर तो गुन्हा होता, पण शासनाने एका जमातीला एका कुंपणात कोंडले तर ती सुधारणा होती. दोन्ही विधानांतील क्रिया एकच आहे. फरक एवढाच, की दुसऱ्या ठिकाणी कारण देण्याची जबाबदारी अडवणाऱ्यावरून काढून अडवलेल्याच्या जन्मावर टाकण्यात आली.

महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात कायद्याच्या निर्बंधाविषयी एक मोठा वाद झालेला आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी परकीय सरकारने घरगुती आचारात हात घालू नये, समाजाने स्वतःच स्वतःला वळण लावावे, अशी टिळकांची भूमिका होती. अन्याय थांबवण्यासाठी कायद्याचा आधार घेण्यात गैर काही नाही, अशी आगरकरांची. निर्बंध श्रेष्ठ की संयम श्रेष्ठ, असे त्या वादाचे सूत्र सांगता येईल. पण या वादातील दोन्ही पक्षांनी ज्या समाजाचा विचार केला, त्याला स्वतःला वळण लावण्याची मुभा होती. १९११ नंतर कैकाडी, पारधी, टकारी यांच्या पालांत आणि झोपड्यांत कायदा शिरला, तेव्हा घरात शिरणाऱ्या कायद्याविरुद्ध तसे वादळ उठले नाही. ज्यांच्या घराला दार नव्हते, त्यांच्या बाबतीत उंबरठा ओलांडल्याची जाणीवच कोणाला झाली नाही.

४

सोलापुरात १८७७ मध्ये कापडगिरणी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत हे शहर गिरणगाव म्हणून वाढले. गुन्हेगार जमाती कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या वसाहती स्थापन झाल्या, त्यांत सोलापूरची वसाहत महत्त्वाची होती. तिच्या कामात अमेरिकन मराठी मिशनचा सहभाग होता, आणि वसाहतीतील माणसे गिरण्यांत कामाला जात. तारेच्या कुंपणाच्या आत वस्ती, हजेरी, बाहेर जाण्यासाठी परवानगी, आणि कुंपणाबाहेर गिरणीचा भोंगा अशी ही रचना होती. भोंगा सर्वच कामगारांना बांधून ठेवत होता. मात्र इतर कामगार काम सोडून गावी जाऊ शकत होता, वसाहतीतला कामगार जाऊ शकत नव्हता. शिस्त आणि कैद यांच्यातील अंतर येथे एका दाखल्याएवढे होते.

ओ. एच. बी. स्टार्ट हे मुंबई इलाख्यातील या वसाहतींचे प्रमुख अधिकारी. त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये दलित वर्ग आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली. डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे तिचे सदस्य होते, आणि १९३० मध्ये तिचा अहवाल सादर झाला. एकाच अधिकाऱ्याच्या कामात कुंपण आणि उद्धार या दोन्ही गोष्टी याव्यात, हा केवळ योगायोग नाही. निर्बंध हा संयम शिकवण्याचा मार्ग आहे, कुंपणात राहून माणूस आतून बदलतो, अशी त्या व्यवस्थेची प्रामाणिक श्रद्धा होती. चांगले वर्तन दाखवणाऱ्यांना कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जाऊ देण्याची पद्धत या श्रद्धेतूनच आली.

ज्या वर्षी हा अहवाल सादर झाला, त्याच वर्षी सोलापूरने निर्बंधाचे दुसरे रूप पाहिले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ८ मे १९३० रोजी गोळीबार झाला, आणि १२ मे पासून जूनअखेरपर्यंत शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. राष्ट्रीय ध्वज लावणे, गांधी टोपी घालणे ही कृत्ये शिक्षेस पात्र ठरली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या घटनेने सोलापूरला भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात स्थान मिळवून दिले. चार हुतात्म्यांचे पुतळे शहरात उभे आहेत आणि त्यांची स्मृती दरवर्षी जागवली जाते.

ते योग्यच आहे. तथापि दोन निर्बंधांची तुलना केल्यास एक प्रश्न उरतो. मार्शल लॉ सुमारे सात आठवडे टिकला. तो अपवाद होता, आणि त्याच्या विरोधात सारे शहर एक झाले. वसाहतीचे कुंपण काही दशके टिकले. ते नित्याचे होते, आणि शहर त्याच्या शेजारी राहत होते. अपवादात्मक निर्बंध स्मारकाला पात्र ठरतो, नित्याचा निर्बंध भूगोलात जमा होतो. सोलापुरात आजही त्या भागाचे नाव सेटलमेंट फ्री कॉलनी असेच आहे. एका नावात ‘सेटलमेंट’ आणि ‘फ्री’ हे दोन शब्द शेजारी नांदतात, आणि रोजच्या बोलण्यात त्यांतील विसंगती कोणाला टोचत नाही. या नित्याच्या निर्बंधाची नोंद साहित्यात कशी झाली, हा म्हणूनच समीक्षेचा प्रश्न ठरतो.

५

मराठी ललित साहित्यात हजेरीला मध्यवर्ती स्थान देण्याचे श्रेय अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीकडे जाते. मांग समाजावर लादलेली हजेरी ही तेथे केवळ पार्श्वभूमी नाही. बंडाचे ते कारण आहे. कादंबरीचा शेवट तर निर्बंधाच्या तर्काचेच दर्शन घडवतो. फकिराला पकडता येत नाही तेव्हा त्याच्या माणसांना धरून ठेवले जाते, आणि त्यांच्यासाठी तो स्वतःहून स्वाधीन होतो. कायद्याने व्यक्तीच्या गुन्ह्यासाठी समूहाला बांधले. नायक समूहाच्या सुटकेसाठी स्वतःला बांधून घेतो. येथे संयम या शब्दाला खरा अर्थ येतो, कारण फकिराची वाट मोकळी होती. तो निसटू शकत होता. ‘फकिरा’ला केवळ वीरकथा म्हणून वाचणाऱ्यांच्या नजरेतून हा शेवटचा निर्णय निसटतो, आणि तिला भडक ठरवणाऱ्यांच्याही.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने वेगळ्या पातळीवर जातात. कायदा रद्द झाल्यानंतरच्या काळातले हे अनुभव आहेत. मुंबई प्रांतात तो १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण ‘उचल्या’मधील पोलिसांचे छापे वाचताना नोंदवही मिटली असली तरी तिची सवय मिटलेली नाही, हे जाणवत राहते. निर्बंध कागदावरून उतरून नजरेत गेला आहे. चोरी कोठेही झाली तरी संशय ठरलेल्या वस्तीवर येतो, आणि त्या वस्तीतल्या मुलाला शाळेत, कामावर, बाजारात आपले चालणे-थांबणे त्या संशयाच्या हिशेबाने बेतावे लागते. यालाच बाहेरचा माणूस ‘दबून राहणे’ किंवा कधी ‘नम्रपणा’ म्हणतो.

‘उपरा’मध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. गाढवांच्या पाठीवर संसार लादून फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला गाव अडवते, आणि त्या कुटुंबातून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला जात अडवते. जातपंचायतीचा धाक बाहेरच्या निर्बंधाचीच सावली आहे असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. वेढलेला समाज स्वतःला टिकवण्यासाठी आपल्याच माणसांभोवती कुंपण घालतो, आणि त्याला मर्यादा असे नाव देतो. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार होतो. या आत्मकथनाचे मोठेपण असे, की शासनाच्या निर्बंधाविरुद्ध बोलताना ते जातीच्या मर्यादेला पाठीशी घालत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातून आलेले शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) रोजच्या आयुष्यातील निर्बंधाचा सर्वांत सूक्ष्म दस्तऐवज आहे. त्यात तारेचे कुंपण नाही. शाळेच्या सहलीत उच्चवर्णीयांची मुले एकीकडे जेवायला बसतात, महारांची मुले दुसरीकडे, आणि उरलेसुरले अन्न या मुलांकडे येते. नंतर शिक्षक सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलाला निबंध लिहिता येत नाही. या प्रसंगातील लेखणीचे थांबणे मराठी समीक्षेने नीट वाचायला हवे होते. भाषा नाही म्हणून ती थांबलेली नाही. निबंधाचा जो साचा वर्गात मान्य आहे, त्यात झाडे बसतात, खेळ बसतात, डबे बसतात. उष्टे अन्न बसत नाही. जे लिहिता येईल ते खरे नाही आणि जे खरे आहे ते लिहिण्याची सोय नाही, अशा जागी तो मुलगा गप्प बसतो. मराठीत याला संयम म्हणत नाहीत. याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. पुढे शाळेच्या कागदपत्रांत वडिलांच्या नावाची जागा येते, तेव्हाही हाच प्रकार घडतो. अर्जातील एक रिकामी ओळ पुढची वाट अडवते. तिला ना कुंपण लागते ना पहारेकरी.

या आत्मकथनांच्या शीर्षकांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. उपरा, उचल्या, अक्करमाशी, आणि त्यांच्यासोबत भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ : ही सगळी दुसऱ्यांनी दिलेली नावे आहेत. कोणते गावाने दिलेले, कोणते नोंदवहीत चढलेले, कोणते शिवीसारखे वापरलेले. तोळ्याचे बारा मासे भरत नाहीत तो अक्करमाशी. म्हणजे ज्याच्या अस्सलपणात एक मासा कमी आहे तो. लेखकाने तेच नाव मुखपृष्ठावर घेतले, तेव्हा नाव देण्याचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात गेला. ज्या शब्दाने त्याला जागच्या जागी बांधून ठेवले होते, तो शब्द लेखकाने आपल्या इच्छेने उचलला. लादलेल्या निर्बंधाचे स्वीकृत शिस्तीत रूपांतर होणे म्हणजे काय, याचे मराठी साहित्यातील हे सर्वांत लहान आणि सर्वांत नेमके उदाहरण आहे.

६

येथे एक आक्षेप संभवतो. संयमाची कसोटी अशी लेखकाच्या सामाजिक स्थितीवर अवलंबून ठेवली, तर वाङ्मयीन मूल्यमापनच अशक्य होईल. पीडिताने लिहिलेले सर्वच लेखन कसोटीच्या पलीकडचे मानावे लागेल, आणि समीक्षा सहानुभूतीत विरघळून जाईल. लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद आणि सौंदर्य यांच्या जागी स्वातंत्र्याचे मूल्य ठेवण्याचा आग्रह धरला, तेव्हाही या स्वरूपाची शंका घेता येत होती.

आक्षेप गंभीर आहे, पण तो संयम आणि नेटकेपणा यांना एक मानतो. कलाकृतीत निवड असते, वगळणे असते, तपशिलांचा क्रम असतो. हे सर्व लेखनकौशल्याचे प्रश्न आहेत, आणि ते कोणत्याही लेखकाला विचारता येतात, विचारलेही पाहिजेत. ‘उपरा’तील एखादा भाग सैल आहे की नाही, ‘फकिरा’तील योगायोग पटतात की नाही, ही चर्चा कोणाच्याही जन्माचा संदर्भ न घेता होऊ शकते. परंतु ‘संयत’ हे विशेषण त्यापुढे जाते. ते लेखकाच्या स्वभावाविषयी बोलते, त्याने रागाला आवर घातला म्हणून त्याला शाबासकी देते. त्या क्षणी समीक्षक न कळत फ्री कॉलनीच्या अधिकाऱ्याच्या जागी जाऊन बसतो. चांगले वर्तन दिसले की कुंपणाबाहेर जागा, असा तो व्यवहार होतो. वगळणे हे लेखकाने केले की लेखकावर लादले गेले, हा प्रश्न समीक्षकाने विचारला, तर मूल्यमापन संपत नाही. उलट अधिक काटेकोर होते. निबंध लिहू न शकलेला मुलगा आणि तो न लिहिण्याचा प्रसंग पुढे लिहून काढणारा लेखक, हे दोघे एकच असले तरी त्यांची शांतता एक नाही. पहिली लादलेली आहे. दुसऱ्याने काय सांगायचे आणि कोठे थांबायचे हे स्वतः ठरवले आहे. वाङ्मयीन गुण दुसऱ्याच्या निर्णयात शोधायचा असतो, पहिल्याच्या मुकेपणात नाही.

या भेदामुळे मध्यमवर्गीय मराठी साहित्याकडेही नव्याने पाहता येईल. ज्या लेखकांच्या संयमाचे कौतुक झाले, त्यांच्यापुढे बोलण्याची वाट मोकळी होती. तेव्हा ते कशाविषयी थांबले, हा प्रश्न त्यांना अधिक कठोरपणे विचारता येतो. शहरात काही दशके कुंपण उभे असताना त्या शहरातील नियतकालिकांत, कवितांत, कथांत ते किती वेळा आले, याचा शोध घेण्यासारखा आहे. तेथील शांततेला संयम म्हणायचे की मर्यादा, हे त्या शोधानंतरच ठरेल.

७

निर्बंध मुळातच वाईट, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे होईल. संविधानाने अनुच्छेद १९ अन्वये संचाराचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदात वाजवी निर्बंधांनाही जागा ठेवली. बलवानाला आवरल्याशिवाय दुर्बळाची वाट मोकळी होत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला २०१६ चा, २०१७ मध्ये अमलात आलेला कायदा हे अशा निर्बंधाचे उदाहरण आहे. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा त्याने गुन्हा ठरवला. अडवणाऱ्याला अडवणारा हा कायदा दंड संहितेतील त्या जुन्या कलमाच्या वंशातला आहे, १८७१ च्या कायद्याच्या नाही. ‘उपरा’च्या वाचकाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

उलट दिशेचा वारसाही चालू आहे. गुन्हेगार जमाती कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ मध्ये केला. जमातीच्या जागी ‘सवय’ आली, नोंदवही राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये भारताला हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीय भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि विमुक्त जमातींकडे जन्मतः गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या दृष्टीचाही समाचार घेतला. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी त्याची भाषा नियमावल्यांतून काढण्याचा आदेश द्यावा लागतो, यावरून निर्बंधाचे आयुष्य त्याच्या कलमांपेक्षा किती दीर्घ असते हे दिसते.

भाषेतून निर्बंध काढण्याचे काम न्यायालय एका मर्यादेपर्यंतच करू शकते. पुढचे काम शब्दांकडे लक्ष देणाऱ्यांचे आहे, आणि समीक्षा हा व्यवसायच तो आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आणि परीक्षणांत ‘संयत निवेदन’ हा शब्दप्रयोग यापुढेही येत राहील. तो वापरण्यापूर्वी एवढेच विचारले जावे, की या लेखकाला मोठ्याने बोलण्याची वाट मोकळी होती काय, आणि ती असूनही तो येथे थांबला आहे काय. उत्तर होकारार्थी असेल तर त्या थांबण्याचे मोल मोठे आहे. नसेल, तर समीक्षकाने लेखकाच्या स्वभावाचे कौतुक सोडून ती वाट कोणी अडवली हे पाहावे. सेटलमेंट फ्री कॉलनीतून आज सोलापूरच्या शाळा-महाविद्यालयांत मुले जातात. त्यांच्यापैकी कोणी उद्या आपल्या वस्तीच्या नावातील त्या दोन शब्दांविषयी लिहील, तेव्हा त्या लेखनाचा सूर कसा असावा हे आधी ठरवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही समीक्षेला नाही.